तो परागंदा नव्हता

(वस्तीतल्या वाचनालयात तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे. शिव्या तेवढ्या गाळल्या.)



पत्रिकेत माझ्या नावापुढं 'माझ्या कवितेमागची प्रेरणा' असं छापलंय. आपल्याला प्रेरणाबिरणा काही ठाऊक नाही. गोदीत प्रेरणा मुकादम देतो, तीही आईबहिणीवरनं. तेव्हा तो विषय बाजूला सारतो आणि एका माणसाच्या शोधाबद्दल बोलतो. हा माणूस माझ्या पणज्याचा थोरला भाऊ. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला, परत आला नाही. आमच्या घरात त्याला 'बसरेवाला' म्हणतात. गेली दोन वर्षं मी त्याला हुडकतोय. कधी सुटीच्या दिवशी, कधी पाळी बुडवून, कधी दोस्ताकडून उसने पैसे घेऊन. तुम्ही म्हणाल, पोरं बेकार बसलीत, वस्तीवर बुलडोझर कधी येईल भरोसा नाही, आणि हा शंभर वर्षांपूर्वीचं मढं कशाला उकरतोय? मढं असतं तर उकरलं असतं. मढंच नाही, तिथंच सगळी बोंब आहे.

वंशावळ म्हटलं की आपल्या तोंडाला कडू पाणी सुटतं, आणि ते रास्तच आहे. वंशावळ कुणाची? ज्यांचे कुलवृत्तांत जाडजूड पुठ्ठ्यात छापून निघतात त्यांची. त्र्यंबकेश्वराला गेलं की ज्यांच्या सात पिढ्या उपाध्याच्या लाल वहीत सापडतात त्यांची. आपल्याला आज्याचं नाव पाठ असतं, पणज्याचं म्हातारीला विचारावं लागतं, आणि त्याच्यापलीकडं सगळा अंधार. त्या अंधारात एकच शब्द लख्ख दिसतो, जात. नाव विसरलं तरी जात कुणी विसरू देत नाही.

पण गंमत अशी की वंशावळीचा धंदा माझ्या मागं सरकारनंच लावला. धाकट्या बहिणीला नर्सिंगला प्रवेश हवा होता. जात पडताळणी आली. अनुसूचित जातीच्या माणसानं १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे कागद दाखवायचे, पूर्वज इथलेच होते नि त्याच जातीचे होते हे शाबीत करायचं, वर प्रतिज्ञापत्रावर वंशावळ काढून द्यायची. १९५६ साली बाबासाहेबांनी जी घाण आपल्या अंगावरनं उतरवली, ती आपल्याच बापजाद्यांच्या अंगावर होती याचा पुरावा आपणच गोळा करायचा. सवलत हक्काची आहे, ती घेणारच, त्यात लाजायचं काय? पण कागद गोळा करताना हात कसा थरथरतो ते ज्यानं केलंय त्याला ठाऊक.

कचेरीबाहेर टायपिंगवाले बसतात. कुठली कचेरी ते सांगत नाही, सगळ्या सारख्याच. एकाकडं मी वंशावळ लिहून नेली. वर खापरपणजा, खाली त्याची दोन पोरं, एक माझा पणजा, एक बसरेवाला. टायपिंगवाल्यानं पेन काढलं आणि बसरेवाल्यावर सरळ काट मारली. म्हणाला, ''हा निपुत्रिक. ह्याच्या खाली कुणी नाही. ह्याचा उपयोग काय?''

मी गोदीत काम करतो. माल तुटलेला, भिजलेला, बेवारशी असला तरी शेडमध्ये त्याची नोंद राहते, हे मला माहीत आहे. गोणी फाटली म्हणून तिला यादीतनं कुणी काढत नाही. मग माणूस कसा काढायचा? मी कागद उचलला नि निघालो. तिथून हा शोध सुरू झाला.

आमचं गाव माणदेशात. दुष्काळी मुलूख. आमच्यासारख्यांच्या घराण्याचा जुना कागद सापडला तर तो गाव नमुना नंबर चौदात सापडतो. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जन्म-मृत्यूची वही. अर्ज करायचा, फी भरायची, नक्कल मिळते. पण जुनी वही मोडीत. ती वाचून द्यायला एक निवृत्त गुरुजी भेटले, पुण्याच्या पेठेतले. मी पैसे पुढं केले, त्यांनी घेतले नाहीत. हेही सांगितलं पाहिजे, आपण शिव्या देतो तेव्हा मोकळ्या गळ्यानं देतो म्हणून. गुरुजींनी बोट ठेवून वाचलं. अमुकनाक बिन तमुकनाक, जात महार, मुलगा एक. झालं. हा माझ्या पणज्याचा जन्म. पोराचं नाव नाही. बापाचं नाव, जात, आणि 'मुलगा एक'. मजा बघा, कोण जन्मलं नि कोण मेलं ही खबर चावडीवर पोचवणारा बहुधा आपलाच माणूस असायचा. उन्हातान्हात पळायचं त्यानं, लेखणी कुलकर्ण्याच्या हातात.

बसरेवाल्याचा मृत्यू त्या वहीत नाही. असणार कसा? वही गावात मेलेल्यांची. मग मी वतनाचे कागद धरले. महारकीचं वतन म्हणजे काय हे इथल्या निम्म्या पोरांना माहीत नसेल, आणि ते माहीत नसणं ही आपली कमाई आहे. गावची मेलेली जनावरं ओढायची, सरकारी टपाल पोचवायचं, पाटलाच्या घोड्यापुढं पळायचं, आणि त्याबदल्यात हाडोळ्याचा तुकडा नि दारोदारची शिळी भाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात या वतनाविरुद्ध बिल आणलं. ते संपलं मात्र बाबासाहेब गेल्यावर, १९५८ च्या कायद्यानं. तर या वतनाला वारस ठरवायचे म्हणून सरकारनंच महारांच्या वंशावळी काढून ठेवलेल्या. ज्यांना देव नाही, देऊळ नाही, उपाध्याय नाही, त्यांचा वंशवृक्ष गुलामीच्या दप्तरात. गुरुजींनी तो कागद उलगडला. वर खापरपणजा. खाली दोन रेघा. एका रेघेला पणजा. दुसऱ्या रेघेला बसरेवाल्याचं नाव, अख्खं, स्पष्ट. आणि नावापुढं एक शब्द.

'परागंदा.'

म्हणजे गाव सोडून पळालेला. वतनाचं काम टाकून तोंड काळं केलेला. त्याचा हिस्सा दुसऱ्याच्या नावावर.

एकच सरकार. त्याचा एक हात ह्या माणसाचा अंगठा घेऊन त्याला बोटीत भरतो. त्याच सरकारचा दुसरा हात चावडीवर बसून लिहितो, पळून गेला!

आता आजीचं ऐका. माझी आजी ह्या घरात सून म्हणून आली तेव्हा बसरेवाल्याची बायको जिवंत होती. घरात तिला 'थोरली' म्हणायचे. आजीनं तिच्याजवळ दहा-बारा वर्षं काढली. आजी सांगते, थोरलीचं लग्न झालं तेव्हा ती चौदाची नि तो विशीतला. दोन वर्षं संसार. मग भरतीवाले आले, पगार ऐकला, आणि गडी गेला. काही महिने मनीऑर्डर आली. टपालवाला महारवाड्यात यायचा नाही. चावडीवर बोलवायचा, पैसे वरनं हातात टाकायचा. मग मनीऑर्डर बंद झाली. लढाई संपल्यावर कधीतरी टपालानं एक बिल्ला आला, बरोबर विंग्रजीतला कागद. पाटील म्हणाला, सरकारची शाबासकी आहे. कागदात आणखी काय होतं कोण जाणे. तो उंदरांनी खाल्ला.

बिल्ल्यावर एका अंगाला राजाचं डोकं. दुसऱ्या अंगाला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, हातात तलवार, घोड्याच्या पायाखाली कवटी. माणदेशातल्या माणसाला याचा एकच अर्थ. खंडोबा! बिल्ला देव्हाऱ्यात गेला. चाळीस वर्षं त्याला हळद लागली. दर चंपाषष्ठीला चिंचेनं घासला. सातासमुद्रापलीकडच्या साहेबाचा संत आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा होऊन भंडारा खात बसला.

मग १९५६ आलं. नागपूरला दीक्षा झाली, आमच्या गावात पुढच्या वर्षी. पोरांनी घराघरातनं देव गोळा केले, टाक, मुखवटे, दगड, सगळं टोपल्यात भरलं आणि माणगंगेच्या पात्राकडं निघाले. आमच्या घरचे टाक उचलताना थोरली उठली. तिनं टोपल्यात हात घालून बिल्ला काढला. म्हणाली, ''बाकीचं द्येव खुशाल न्या. ह्यो द्येव न्हाई. ह्यो मालक हाय माजा.''

म्हणजे तिला पहिल्यापासनं ठाऊक होतं. चाळीस वर्षं ती देव्हाऱ्यात नवऱ्याला हळद लावत होती आणि बाकीचं घर खंडोबाला हात जोडत होतं.

ती कुंकू लावायची. बायका मागनं बोलायच्या. भावकीनं पाट लावून द्यायचं काढलं होतं, आपल्यात पाटाला आडकाठी नव्हती. पण पाट लावायचा तर आधीचा नवरा मेला पाहिजे, नाहीतर त्यानं सोडलेली पाहिजे. ही दोन्हींत बसेना. कुणी फार छेडलं तर म्हणायची, ''मेल्याचा कागद दावा, पुसते.'' कागद कुणाकडंच नव्हता. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर गेली, वय सत्तरीच्या पुढं. दोन वर्षांनी मेली. कपाळावर कुंकू तसंच. ना सवाष्ण, ना रांड. सरकारी दप्तरात परागंदा माणसाची बायको.

आता बिल्ल्याकडं नीट बघा. आजीनं ट्रंकेतनं काढून दिला तेव्हा मी वजन करून पाहिलं, बोटानं कड चाचपली. बिल्ला चांदीचा नाही, काशासारख्या धातूचा आहे. हा पहिल्या महायुद्धाचा ब्रिटिश वॉर मेडल. लढणाऱ्याला तो चांदीचा मिळायचा, ओझं वाहणाऱ्याला ब्राँझचा. तोच राजा, तोच घोडा, धातू वेगळा. मरणातही चांदीची पंगत वेगळी नि ब्राँझची वेगळी. हे कुठल्या गावचं शास्त्र आहे ते तुम्हाला सांगायला नको.

कडेवर अक्षरं ठोकलेली असतात. चिंचेनं निम्मी गेलेली. भिंगानं बघितलं. आधी नंबर, तो शाबूत. मग एक शब्द: 'कुली'. मग अर्धं नाव. मग 'पोर्टर कोअर', तिचा आकडा झिजलेला.

मी ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा हसलो. शंभर वर्षांत घराण्यानं काय प्रगती केली म्हणता? तो कुली, मी गोदी कामगार. १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी सुरू झाली, आज तिला इंदिरा गोदी म्हणतात. मेसोपोटेमियाच्या लढाईला माणसं, खेचरं, गवत, दाणा मुंबईच्या बंदरातनं गेला. ज्या धक्क्यावर मी स्टीलच्या कॉइलींना साखळी लावतो, त्याच भागातनं त्याला बोटीत चढवला असणार. तिकडं बसऱ्यात धक्के नव्हते, यारी नव्हत्या. जहाजं आठवडेच्या आठवडे नदीत उभी असायची आणि माल उतरायचा माणसाच्या पाठीवरनं. म्हणून कुली न्यायचे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातनं साडेपाच लाखांच्या आसपास माणसं बिनहत्याराची गेली. हमाल, भिस्ती, भंगी, खेचरवाले, डोलीवाले. सरकारी भाषेत 'फॉलोअर', मागनं चालणारे. तुरुंगातनं कैदी काढूनसुद्धा हमालांच्या तुकड्या केल्या. आपले बहुतेक लढाईचा इतिहास सांगणारे लोक ह्या साडेपाच लाखांवरनं उडी मारून पुढं जातात, आणि त्यात आपलेही आले.

आपले आले म्हणजे काय ते सांगतो. आपल्यातले काही जण म्हणतात, आपण लढवय्ये, कोरेगावचे वारस. काही जण म्हणतात, इंग्रजांच्या पलटणीत जाणं ही भाडोत्री चाकरी, तिचा अभिमान कशाला. दोघांशी माझं भांडण आहे. कोरेगावच्या विजयस्तंभापुढं मीही दर १ जानेवारीला उभा राहतो. १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूनं जे पडले त्यांची नावं त्या दगडात कोरलीत. त्यात 'नाक' लागलेली बावीस नावं. बाबासाहेब तिथं १९२७ ला गेले ते उगाच नाही. पण त्याच इंग्रजानं १८९२ साली महारांना भरती बंद केली. लॉर्ड रॉबर्ट्सच्या डोक्यात लढाऊ जातींचं खूळ, आणि त्या यादीत आपण नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, १९१० ला शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केला, दारं उघडली नाहीत. मग महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली, एडनला आणि वायव्य सरहद्दीवर नेली, आणि १९२१ साली मोडून टाकली. काम झालं, गडी मोकळा. महारकीत यापेक्षा वेगळं काय होतं?

आणि बसरेवाला तर त्या पलटणीतही नव्हता. त्याच्या हातात बंदूक नव्हती. त्याला पाटलाच्या घोड्यापुढं पळायचं नव्हतं एवढंच मला वाटतं. तो ना वीर, ना गद्दार. पोटाला गेला. अशा माणसाला ना पोवाडा, ना शिवी.

शोधात पुढं काय झालं? मस्जिद बंदरला खलाशांच्या घरात दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांचं स्मारक आहे. गोदीपासनं चालत जाण्यासारखं. ते आधी बघितलं. पण ते खलाशांचं, हमालांचं नव्हे. मेसोपोटेमियात मेलेल्यांची नोंद वेगळी. १९१७ साली इंग्रजांनी युद्धातल्या मेलेल्यांसाठी एक आयोग काढला, आज त्याला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणतात. तत्त्व मोठं: हुद्दा, वंश, धर्म न बघता सगळ्यांना सारखा मान. त्या आयोगानं १९२९ साली बसऱ्याजवळ, माकिलच्या गोदीच्या मुख्य धक्क्यावर, एक मोठं स्मारक उभं केलं. हो, धक्क्यावर. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचं. त्यातले तेहतीस हजारांहून अधिक हिंदी सैन्यातले.

त्या भिंतीवर काय कोरलं? इंग्रज शिपाई, अगदी साधा शिपाई, त्याचं नाव. हिंदी सैन्यात सुभेदार, जमादार असे अधिकारी, त्यांची नावं. आणि त्यांच्या खाली पलटणीगणिक आकडा. आणि इतर इतके.

आकडा!

मी हे वाचलं तेव्हा मला भिंत दिसली नाही, टॅली शीट दिसलं. गोदीत टॅली क्लार्क बसतो, पाच गोण्यांना एक आडवी रेघ मारतो. गोणीला नाव नसतं. पाच, दहा, पंधरा. बसऱ्याची भिंत ही जगातली सगळ्यात मोठी टॅली आहे, दगडात कोरलेली. कोरेगावला १८१८ च्या साध्या शिपायाचं नाव कोरायला कंपनीला जमलं. शंभर वर्षांनी साम्राज्याला जमलं नाही. गावागावातही तेच. अजून काही गावांत चावडीच्या नाहीतर वेशीच्या भिंतीत पांढरा संगमरवरी चौकोन असतो: या गावातून महायुद्धाला इतके गेले, पैकी इतके कामी आले. दोन आकडे. नाव एकाचंही नाही. तुमच्या गावात असेल तर बघून या.

नदीच्या वरच्या अंगाला अमारा म्हणून गाव आहे. तिथं तैग्रिसच्या डाव्या तीरावर हिंदी सैनिकांची दफनभूमी. सुमारे पाच हजार माणसं. ओळख पटलेली किती? नऊ. कारण पुरताना कुणी यादीच नीट ठेवली नाही.

सांगायला बरं वाटतं की साहेबाला शंभर वर्षांनी घाम फुटला. त्याच आयोगानं २०२१ च्या एप्रिलात अहवाल काढला नि कबूल केलं, पंचेचाळीस ते चोपन्न हजार हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन माणसांचं स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीनं झालं नाही, आणि आणखी किमान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचं नाव घेऊन किंवा अजिबातच स्मरण झालं नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यानं संसदेत माफी मागितली. माफी मागताना कुणी थोरलीचं कुंकू बघितलं नव्हतं. पण साहेब निदान कबूल तरी झाला. चावडीवरचा 'परागंदा' शब्द लिहिणाऱ्यांची माफी अजून यायचीय.

आता कामाची गोष्ट. भिंतीवर आकडा असला तरी आयोगाच्या रजिस्टरात पुष्कळ नावं आहेत, आणि ती आता कुणालाही घरबसल्या मोबाईलवर बघता येतात. कुणाच्या पुढं बापाचं नाव, गाव, जिल्हा. कुणाच्या पुढं नुसता नंबर. मी नावानं हुडकलं, सहा महिने गेले. कारण आपली नावं साहेबाच्या कारकुनाच्या कानात शिरून बाहेर येताना त्यांचा चेंदामेंदा झालाय. 'नाक' कुठं 'नॅक', कुठं 'नुक', कुठं तर सरळ 'नाईक', आणि नाईक हा पलटणीतला हुद्दा, त्यामुळं यंत्र दुसरीकडंच नेतं. गावाचं तर विचारू नका. म्हणून शेवटी मी नाव सोडलं नि नंबर धरला, बिल्ल्याच्या कडेवरचा. एका रविवारी रात्री, तिसऱ्या पाळीला जायच्या आधी, तो नंबर समोर आला.

तोच नंबर. पोर्टर कोअर. नाव मोडकं, पण आमचं. बापाचं नाव नाही. गाव नाही. 'सातारा' एवढा एकच शब्द. १९१८ च्या ऑगस्टातली तारीख. बसरा स्मारक. म्हणजे भिंतीवरच्या 'आणि इतर' मधला एक.

ऑगस्ट म्हणजे तिकडं जीव घेणारं ऊन. कशानं गेला ते त्यात लिहिलेलं नाही. तिकडं गोळीपेक्षा तापानं, पटकीनं, उन्हानं आणि भाजीपाला न मिळाल्यानं माणसं किती मेली ते सगळ्या जगाला माहीत आहे. १९१७ साली विलायतेत त्यावर चौकशीचा अहवालच निघाला होता.

मी गावी जाऊन आजीला सांगितलं. तारीख सांगितली, मेला हे सांगितलं. आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ''थोरलीला पन्नासपंचावन्न वर्सं कुकू फुकट लावाया लागलं, न्हवं?'' मी म्हटलं, फुकट कसं? तर म्हणाली, ''तसं न्हवं रं पोरा. तिला रडाया मिळालं न्हाई. आमी रडलू, आमचा मानूस गेला तवा. तिला कुणी रडू दिलं का?''

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. कवितेतही नाही.

ते स्मारकही आता धक्क्यावर नाही. १९९७ साली सद्दामच्या हुकमानं ते उचलून बत्तीस किलोमीटर लांब, नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवलं. म्हणजे मेलेल्यांचंही पुनर्वसन! झोपडपट्टीवाल्याला जसं ट्रांझिट कँपात टाकतात तसं. आम्हाला कुठं हलवतील ते जसं आम्हाला विचारत नाहीत, तसं त्यांनाही विचारलं नाही.

बहिणीच्या प्रतिज्ञापत्राचं विचाराल तर मी वंशावळ दुसऱ्याकडनं टाईप करून घेतली. बसरेवाला त्यात आहे. नावापुढं लिहिलं: मयत, मेसोपोटेमिया, ऑगस्ट १९१८. दाखला मिळाला. एका कारकुनानं विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, खरं आहे म्हणून. त्यानं शिक्का मारला. तेवढ्यापुरती का होईना, सरकारी कागदावर दुसरी ओळ आली. पहिली ओळ 'परागंदा'ची, ती जुन्या दप्तरात अजून तशीच आहे, आणि ती खोडायचा अर्ज कुठल्या टेबलावर करायचा हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी विचारणं सोडलेलं नाही.

माझा एक माणूस सापडला. पण इथं बसलेल्यांत किती घरांत 'आमचा एक लढाईला गेला होता म्हणे' असं बोललं जातं? हात वर करा. बघा. अकरा, बारा. एका चाळीच्या वाचनालयात बारा. पंजाबवाल्यांचं बघा. महायुद्धानंतर तिथं गावागणिक गेलेल्या माणसांची रजिस्टरं केली होती, ती लाहोरच्या म्युझियममध्ये पडून होती. सव्वातीन लाखांच्या आसपास नावं. त्यांच्या पोरांनी ती विलायतेतल्या विद्यापीठाला हाताशी धरून २०२१ साली लोकांसाठी खुली केली. मला त्यांचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. आपलं रजिस्टर आपल्यालाच लिहावं लागणार, आणि ते म्हाताऱ्या बायकांच्या तोंडात आहे. त्या एकेक करून चालल्यात. आज्यांना विचारा, आज्यांना! पुरुष पलटणीचं नाव सांगतात, बाया तारीख सांगतात: कुठल्या दुष्काळात गेला, कोण पोटात असताना गेला, मनीऑर्डर कुठल्या सणापर्यंत आली.

दुसऱ्या महायुद्धाचं त्यामानानं सोपं. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली. तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. तिथं पत्र टाकायचं तर नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव, सगळं लिहून टाका. नंबर नसेल तर आधी नंबर हुडका. पेन्शनीच्या पुस्तकात, सुटीच्या पासावर, जुन्या फोटोच्या मागं, मेडलच्या कडेवर कुठंतरी तो असतो. गावी गेलात तर चौदा नंबरची नक्कल मागा, वतनाची वंशावळ मागा. नाही म्हटलं तर लेखी नाही म्हणा सांगा, पुष्कळदा तेवढ्यानंच दप्तर उघडतं. आणि कागदावर आपल्या माणसापुढं 'परागंदा' दिसलं तर तिथं थांबू नका. त्या साली कुठं लढाई होती, कुठं गिरणी उघडली, कुठं गोदी बांधत होते, ते बघा. पळालेला माणूस तिथं सापडतो.

पुढच्या रविवारी दहा वाजता इथंच बसायचं. दोनशे पानी वही मी आणतोय, गुरुजी मोडी वाचायला यायला तयार झालेत. ज्याच्या घरी बिल्ला, कागद, पत्र, काहीही असेल त्यानं घेऊन यायचं. कागद घड्या मोडून सरळ करू नका, तसेच आणा. फोटो फ्रेममधनं काढू नका. आणि मेडल असेल तर मेहेरबानी करून ते चिंचेनं, राखेनं, पितांबरीनं घासून आणू नका. हळद असली तरी राहू द्या. कडेचं निम्मं नाव आमच्या घरी घासण्यातच गेलंय.